उन्हाळ्यात अक्रोडगर खवट होतोय? मला लागू पडलेला उपाय

सोलापुरात एप्रिलमध्ये आणलेला अर्धा किलो गर तीन आठवड्यांत कडवट, जुन्या तेलाच्या वासाचा झाला. स्टीलचा डबा, लवंगा, ऊन देणं, सगळं करून झालं. उन्हानं तर जास्तच बिघडला. फार वैताग आला. गरात सुमारे 65 टक्के तेल असतं. उष्णता, हवा, उजेड मिळाला की ते खवटतं.

घेताना एक तुकडा मोडून चाखा. कट्‌कन तुटावा, आतून पांढरट असावा. पिवळट, तेलकट असेल तर घेऊच नका. घरी 100-100 ग्रॅमचे भाग करा, झिपच्या पिशवीतली हवा दाबून काढा, पिशव्या घट्ट डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढलेली पिशवी तासभर उघडू नका, नाहीतर थंड गरावर दव धरून तो मऊ पडतो. चटणीच्या शेंगदाण्यांनाही हेच करा.