लँडिंग गिअरचा वाकलेला बोल्ट आणि १२.९ चा मोह

टेक्सासमध्ये एक जुनं होमबिल्ट टेलड्रॅगर (हौशी माणसाने स्वतः बांधलेलं, शेपटीला चाक असलेलं छोटं विमान) घेतलं, डावा गिअर लेग (चाकाचा पाय) हलवला की कट्कट वाजायचा. बोल्ट काढला तर मधे चक्क वाकलेला, आणि डोक्यावर ५ ग्रेडच्या तीन रेघा, म्हणजे आधीच्या मालकाने हार्डवेअरच्या दुकानातला ठोकून दिलेला. त्यातही चूड्या (आटे) भोकाच्या आत! शिअर (बोल्टला आडवा कापणारा जोर) चूड्यांवर आलं की बोल्टचा पूर्ण व्यास कामाला येतच नाही, वर त्या चूड्या कानशीसारखं भोक खात बसतात.

मित्र म्हणाला १२.९ चा (खूप दणकट ग्रेडचा बोल्ट) टाक, विषय संपला. नाही टाकला. तो कडक असतो, वाकून इशारा देण्याआधीच तुटू शकतो, शिवाय झिंक प्लेटिंगवाला असेल तर प्लेटिंगमध्ये आत शिरलेल्या हायड्रोजनने तडकायची भीती. आणि बोल्ट नको तेवढा दणकट झाला की दणका सरळ फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) ब्रॅकेटला, ब्रॅकेट बदलायचा म्हणजे अर्धं विमान उघडा.

एएन (विमानासाठीच्या प्रमाणित) बोल्टचं टेन्साइल (ओढून तुटायची ताकद) १,२५,००० पीएसआय, शिअर ७५,०००. अडीच सुताचा (५/१६ इंच) एएन५ सिंगल शिअरला (एकाच जागी कापणाऱ्या जोराला) साधारण ५,७५० पाउंड घेतो, हिशोबाला पुरत होता, पण भोकच लांबट झालेलं. मग किटवाल्यांना विचारून, कडेपासूनचं अंतर मोजून, भोक रीमरने तीन सूत केलं (ड्रिलने करू नका राव, गोल येत नाही) आणि एएन६ बसवला, ग्रिप (बोल्टचा बिनचूड्यांचा भाग) अशी निवडली की चूड्या वॉशरमधेच सुरू होतील. नवीन नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा नट), टॉर्क (आवळायचा जोर) १६० ते १९० इंच-पाउंड, नट हलला तर दिसावं म्हणून वर लाल रंगाची खूण. कटकट बंद. आता उजव्या बाजूचा पण काढून बघतोय.