टीव्हीवर सारखं ‘नो सिग्नल’: रत्नागिरीच्या खाऱ्या हवेतला उपाय

लॅपटॉप एचडीएमआयने जोडला की चित्र क्षणभर येई, मग ‘नो सिग्नल’. केबल हलवली की परत येई. नवी केबल, ड्रायव्हर अपडेट, टीव्ही रीसेट, सगळं करून वैताग आला. दोष पोर्टात, म्हणजे केबल खुपसायच्या खाचेत होता: खाऱ्या, दमट हवेने पिनांवर हिरवट थर धरला होता.

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, टीव्हीचाही प्लग काढा. केबलच्या टोकाला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल (पटकन उडून जाणारं सफाईचं द्रव) मऊ ब्रशने लावा. ओथंबेल इतकं नको. टोक पोर्टात हळूच सात-आठदा आत-बाहेर करा. कापूस नको, तंतू अडकतात. अर्धा तास सुकू द्या. आधी टीव्ही लावून सोर्समध्ये केबल ज्यात लावली तो एचडीएमआय क्रमांक निवडा, मग लॅपटॉपवर विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’. आवाज लॅपटॉपमधूनच आला तर स्पीकरच्या चिन्हावरून आउटपुट टीव्ही करा.

गंजावरचा तेलकट स्प्रे मात्र पोर्टात मारू नका, धूळ चिकटते.