घाट उतरल्यावर मांड्या भरून आल्या? इजा मोजताना या चुका टाळा

सातारा हिल मॅरेथॉनला पहिल्यांदा जाणारे चढाची धास्ती घेतात. पण मांड्या भरून येतात त्या यवतेश्वरचा घाट उतरल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू प्रत्येक पावलाला ताणला जात असतानाच अंगाचा भार रोखून धरतो आणि त्यात स्नायूतंतूंना बारीक इजा होते. लॅक्टिक ॲसिडला उगाच दोष दिला जातो. पळणं थांबल्यावर साधारण तासाभरात ते पुन्हा नेहमीच्या पातळीवर येतं.

ही इजा भरली का, हे दुखण्यावरून ठरवणं ही सगळ्यात मोठी चूक. दुखणं २४ ते ७२ तासांत टोकाला जातं आणि ओसरतं. मालिश किंवा गोळीने ते आणखी लवकर दबतं. ताकद मात्र तोवर परतलेली असेलच असं नाही, म्हणून मोजायची ती ताकद. घरच्या घरी करायचं तर बोटांना खडू लावून भिंतीशेजारी उभं राहा, हात वर ताणून एक खूण करा, मग जागेवरून उडी मारून दुसरी. तीन उड्यांपैकी सर्वांत उंच खूण धरा आणि दोन्ही खुणांमधलं अंतर टेपने मोजा. शर्यतीच्या आठवडाभर आधी, ताजेतवाने असताना हे केलं नसेल, तर नंतरचा आकडा ताडणार कशाशी? वेळ, बूट आणि वॉर्मअप दर वेळी तेच ठेवा. उडी पूर्वीइतकी होईपर्यंत जोराचं पळणं नको.

सीपीके म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम. ते तपासणाऱ्यांचा घोटाळा वेळेचा असतो. शर्यत संपताच रक्त दिलं तर आकडा टोकाला पोहोचलेलाच नसतो. उतारावरच्या पळण्यानंतर तो साधारण दिवसभरात चढतो, तर दंडाच्या जड ‘निगेटिव्ह’ (वजन सावकाश खाली आणण्याच्या) व्यायामानंतर चौथ्या-पाचव्या दिवशीही चढलेला दिसतो. शिवाय तोच व्यायाम करून एकाचा सीपीके पाचशे येतो, दुसऱ्याचा पाच हजार. तेव्हा ग्रुपवर रिपोर्ट टाकून तुलना करण्यात काही अर्थ नाही. महिनाभराने तोच घाट पुन्हा उतरलात तर आकडा कमी येईल, कारण स्नायू पहिल्या इजेतून सावरताना कणखर होतात.

शर्यतीनंतरच्या आठवड्यात वार्षिक हेल्थ चेकअप तर मुळीच करू नका. यकृताच्या तपासणीत मोजली जाणारी एसजीओटी आणि एसजीपीटी ही एन्झाइम्स यकृताप्रमाणे स्नायूंमध्येही असतात. रिपोर्टमध्ये दोन्ही ठळक अक्षरांत वाढलेले दिसतात आणि धडधाकट माणूस कावीळ झाली की काय म्हणून हवालदिल होतो. बिलिरुबिन आणि जीजीटी हे यकृताच्या तपासणीतले दुसरे दोन आकडे नॉर्मल असतील आणि सीपीके वाढलेला असेल, तर दोष बहुधा स्नायूंचा. आठवडाभर विश्रांती घेऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा तपासा.

मात्र लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी झाली, स्नायू टणक सुजले, पाय उचलेना, तर उड्या मोजत बसू नका. स्नायूंतलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडांना धोका असतो. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नका, त्याने मूत्रपिंडांवरचा ताण वाढतो. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. व्यायाम कधी आणि किती केला, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू आहे का, एवढ्यात स्नायूत इंजेक्शन घेतलं होतं का, हे तिथे आपणहून सांगा, कारण सीपीके या दोन्हींनीही वाढतो.