रंगाचा वेगळा शब्द वापरताय? या चुका टाळा

‘लाल’, ‘हिरवा’, ‘पिवळा’ यांचा कंटाळा आला की लिहिणारा वेगळा शब्द शोधतो. मग नाशिकचा गोदाघाट किरमिजी होतो, भिंती अबोली होतात आणि पंचवटीत राहणारा वाचक थबकतो, कारण त्याने तसं काही पाहिलेलं नसतं. मराठीतली रंगांची किती तरी नावं फुलं, फळं, पक्षी आणि धान्यं यांच्यावरून आली आहेत. ही श्रीमंती वापरायलाच हवी, फक्त नीट बघून.

मूळ वस्तू न आठवता शब्द उचलणं

सर्वात जास्त हाल होतात ते ‘अबोली’चे. अबोलीचं फूल नारिंगीकडे झुकणारं असतं, तरी हा शब्द फिकट गुलाबीसाठी सर्रास लिहिला जातो. ‘आमसुली’ म्हणजे वाळलेल्या कोकमाचा काळपट जांभळा. ‘किरमिजी’ हा किड्यांपासून काढलेल्या रंगाचा गडद लाल. गंगापूर धरणावरची हिवाळ्यातली स्वच्छ संध्याकाळ बहुतेक वेळा केशरी किंवा शेंदरी असते. किरमिजी दिसलाच तर सूर्य बुडाल्यावर, ढगांच्या कडांना. ‘चंद्रकळा’ ऐकून कुणी ती चांदण्याला लावतो, पण चंद्रकळा म्हणजे काळं लुगडं, संक्रांतीला नेसतात ते.

उपाय सोपा आहे. ज्या भिंतीला अबोली म्हणायचं, तिच्यासमोर मनातल्या मनात अबोलीचा गजरा धरा. जुळला नाही तर शब्द बदला.

त्या गावात त्या शब्दाचा अर्थ वेगळा असणं

ही चूक मला सर्वात गंभीर वाटते, कारण इथे वर्णन नुसतं फसत नाही, उलटा अर्थ सांगतं. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव या द्राक्षपट्ट्यात रंगाकडे शेतकऱ्याचं बारीक लक्ष असतं. काळ्या द्राक्षांवरच्या पांढुरक्या थराला तुम्ही हौसेने ‘भुरी झाक’ म्हणाल, पण बागेत भुरी हा बुरशीजन्य रोग आहे. पानांवर आणि मण्यांवर पीठ शिंपडल्यासारखा पसरतो. ‘केवडा’ही तसाच. शहरात तो सुगंधी पिवळा, बागेत मात्र डाऊनी मिल्ड्यू हा रोग, ज्याची सुरुवात पानांवरच्या तेलकट पिवळ्या डागांनी होते.

‘गुलाबी’सारखा साधा शब्दसुद्धा इथे जपून वापरावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी आणि दुपारी ऊन असं झालं की थॉमसनसारख्या हिरव्या वाणाचे मणी गुलाबी पडतात. शेतकरी त्याला ‘पिंक बेरी’ म्हणतात. निर्यातीच्या मालात असे मणी चालत नाहीत, म्हणून घडांना कागद गुंडाळतात. तेव्हा ‘घडांवर गुलाबी लाली चढली होती’ हे तुम्ही कौतुकाने लिहिलेलं वाक्य वाचून बागाईतदाराच्या पोटात गोळा येईल. कच्चे मणी पोपटी लिहा. मण्यांत पाणी उतरलं की ते काचेसारखे पारदर्शक होऊ लागतात. पुढे पिवळसर, मधाळ. काळ्या वाणावरचा मेणाचा थर ‘धुरकट निळा’ म्हटला तर कुणाचा गोंधळ होत नाही.

लासलगावच्या बाजारात ‘लाल कांदा’ हा एका हंगामाचा माल असतो आणि ‘उन्हाळ’ हा दुसऱ्या. कांदाचाळीत साठवलेल्या उन्हाळ कांद्याच्या ढिगाला ‘लाल कांदे’ म्हटलं की जाणकाराला वेगळाच माल दिसतो. तिथे ‘फिकट विटकरी’ किंवा ‘गुलाबट’ लिहा.

वेळ आणि ओल विसरणं

काळाराम मंदिराचा दगड दुपारच्या उन्हात करडा दिसतो, पावसात भिजला की काळाभोर. रामकुंडाजवळची गोदावरी उन्हाळ्यात शेवाळी वाटली, तरी पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर चढू लागतं तेव्हा ती मातकटच असते. येवल्याच्या पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असेल तर घडी हलली की रंग फिरतो. तिला एकच नाव देऊन भागत नाही, दोन्ही रंग सांगावे लागतात. म्हणून रंगाच्या शेजारी केव्हाचा, कोणत्या उजेडातला हे एखाद्या शब्दाने येऊ द्या.

व्याकरणाच्या दोन खाचा

जांभळा, करडा हे शब्द लिंगाप्रमाणे बदलतात: करडी भिंत, करडं आभाळ. विटकरी, शेवाळी, अबोली बदलत नाहीत. दुसरी खाच प्रत्ययाची. ‘पिवळसर कापड’ म्हणजे पिवळ्याची छटा असलेलं. ‘पिवळट कापड’ म्हटलं की ते जुनं, कळकट झाल्याचा भास होतो.

एका परिच्छेदात सगळी पेटी उघडणं

मोरपंखी, डाळिंबी, अंजिरी एकापाठोपाठ आले की वाचकाला एकही रंग दिसत नाही. ज्या वस्तूवर नजर थांबावी असं वाटतं, तिलाच खास शब्द द्या. बाकीच्यांना साधे शब्द पुरतात. तांब्या-पितळेच्या दुकानाचं वर्णन करताना ‘हंडे तांबूस चमकत होते’ एवढ्याने काही हाती लागत नाही. ‘दारातले नवे हंडे गुलाबट, मागच्या फळीवरचे काळे पडलेले’ असं लिहिलंत तर कोणता माल कालचा आणि कोणता वर्षभर न खपलेला, हेही वाचकाला कळतं.