विंडोजची आवृत्ती बदलताना या चुका टाळा: आधी प्रिंटर बघा, मग रॅम

एका छापखान्यातल्या संगणकाला मी आठ जीबी रॅम बसवून दिली होती, पण विंडोज त्यातली ३.२५ जीबीच वापरत होतं. विंडोज १० ची ३२-बिट आवृत्ती होती, आणि ती चार जीबीच्या वर जात नाही, त्यामुळे कारण लगेच कळलं. फॉरमॅट मारून ६४-बिट टाकलं आणि सगळी रॅम दिसू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांचा फोन आला. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (यूएसबीत लावायची परवान्याची किल्ली) लागत नव्हता आणि जुना स्कॅनरही उठत नव्हता. लग्नसराई होती, पत्रिकांची कामं अडली. दोन्हींचे ६४-बिट ड्रायव्हर, म्हणजे उपकरण विंडोजशी जोडून देणारे छोटे प्रोग्रॅम, कुठेच मिळाले नाहीत. शेवटी ३२-बिट परत टाकावं लागलं.

तेव्हापासून मी आधी विचारतो, या मशीनला काय काय जोडलंय? प्रिंटर, स्कॅनर, डोंगल, बारकोड रीडर, डिजिटल सही करण्याचा यूएसबी टोकन. प्रत्येकाचं मॉडेल कागदावर लिहून घ्यायचं आणि कंपनीच्या साइटवर त्याचा ६४-बिट ड्रायव्हर आहे का ते बघायचं. कोणती आवृत्ती टाकायची ते हा कागद ठरवतो.

फसगत होते ती अशी. ३२-बिट प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर सहसा व्यवस्थित चालतो, म्हणून ड्रायव्हरही चालेल असं वाटतं. पण ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात जाऊन बसतो, आणि तिथे ६४-बिटमध्ये ३२-बिट ड्रायव्हरला जागाच नाही. कम्पॅटिबिलिटी मोड लावून हे सुटत नाही. डॉस या जुन्या प्रणालीतल्या फॉक्सप्रोवर बनवलेली जुनी हिशेबाची पॅकेजेसही ६४-बिटवर थेट उघडत नाहीत. ती डॉसबॉक्ससारख्या प्रोग्रॅममध्ये चालवून बघता येतात, पण छपाई नीट होते का हे मशीन बदलण्याआधीच तपासा.

ड्रायव्हर ६४-बिट असला तरी त्यावर डिजिटल सही, म्हणजे तो कुणी बनवला याची खात्रीची खूण, लागते. सहीची तपासणी बंद करून जुना ड्रायव्हर बसवायची युक्ती बरेच जण सांगतात. स्टार्टअपच्या पर्यायांतून केलेली ती सूट पुढच्या रीस्टार्टपर्यंतच टिकते, आणि सकाळी प्रिंटर पुन्हा बंद. विंडोज ११ मध्ये सही असलेला जुना ड्रायव्हरही 'मेमरी इंटिग्रिटी' या विंडोजच्या गाभ्याच्या संरक्षणामुळे अडू शकतो. विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनच्या पानावर न जुळणाऱ्या ड्रायव्हरची नावं दिसतात. नाव मिळालं की नवी आवृत्ती शोधा. संरक्षण बंद करून काम भागवू नका.

'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' देणाऱ्या फुकट प्रोग्रॅमच्या नादी अजिबात लागू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण दिसली की त्या उपकरणाच्या प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, मग हार्डवेअर आयडी उघडा. तिथला पहिला क्रमांक कंपनीचा असतो, दुसरा उपकरणाचा. पहिला ८०८६ असेल तर ते इंटेलचं. एवढ्यावरून नेमका ड्रायव्हर सापडतो.

फॉरमॅट मारण्याआधी नेटवर्कचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्यायला लोक हमखास विसरतात. मग वायफाय नाही, लॅन नाही, आणि ड्रायव्हर तर इंटरनेटवर. असं झालंच तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा काम होतं. आणखी एक सवय लावून घ्या. विंडोज, सिस्टीम३२, ड्रायव्हरस्टोअर या वाटेने जाऊन 'फाइलरिपॉझिटरी' हा फोल्डर आधीच कॉपी करून ठेवा. त्याच आवृत्तीचं, त्याच बिटचं विंडोज परत टाकलंत तर बरेच ड्रायव्हर त्यातूनच मिळतात.

आता रॅम. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ पत्ते मावतात, म्हणजे चार जीबी. त्यातलेही काही ग्राफिक्स कार्ड आणि इतर उपकरणांकडे जातात, म्हणून तीन-सव्वातीन जीबी उरते. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट उघडून 'सिस्टीम टाइप' वाचा. '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स६४ प्रोसेसर' असं असेल तर प्रोसेसर तयार आहे, विंडोज नाही. ३२ वरून ६४ वर अपग्रेड होत नाही, नव्यानेच टाकावं लागतं. डेटाचा बॅकअप आधी घ्या.

६४-बिट असूनही रॅम कमी दिसत असेल तर एमएस-कॉन्फिग या विंडोज सुरू होण्याच्या सेटिंग्जच्या प्रोग्रॅममध्ये बूटच्या प्रगत पर्यायांतला 'मॅक्झिमम मेमरी'चा चौकोन बघा. मशीन वेगवान होईल या समजुतीने कुणीतरी तिथे खूण केलेली असते. ती काढा. मग मशीन पूर्ण बंद करून रॅमची पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवा. प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स थोडी रॅम राखून ठेवतं, तो दोष नाही. आणि विंडोज ७ होम बेसिक ६४-बिट असलं तरी आठ जीबीच्या वर जात नाही.

विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ती नाही म्हणून मशीन भंगारात काढण्याआधी बायोस, म्हणजे मशीन चालू होतानाच उघडणारी मदरबोर्डची सेटिंग्ज, उघडा. तीच सोय इंटेलवर 'पीटीटी', एएमडीवर 'एफटीपीएम' या नावाने नुसती बंद ठेवलेली असू शकते. अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या वाटेला मात्र जाऊ नका. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून कोअर टू ड्युओसारख्या जुन्या प्रोसेसरवर ते सुरूच होत नाही. विंडोज ११ ला कागदावर चार जीबी रॅम पुरते, पण रोजच्या कामाला आठ हवी.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर विंडोज टाकताना ड्राइव्हच दिसत नाही, कारण ती 'व्हीएमडी' या इंटेलच्या सोयीमागे असते. एसएसडी गेली असं समजून लोक दुकानात धावतात. कंपनीच्या साइटवरून रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर काढा, सेटअपमध्ये 'लोड ड्रायव्हर' दाबून तो दाखवा, ड्राइव्ह येते. विंडोज आधीच बसलेलं असताना बायोसमधलं 'व्हीएमडी' बंद केलंत, तर पुढच्या बूटला निळा पडदा येण्याची शक्यता मोठी. मशीन सुरू करण्याच्या जुन्या बायोस पद्धतीतून नव्या यूईएफआयवर जातानाही आधी डिस्कची विभागणी जीपीटी या पद्धतीची करून घ्यावी लागते. आणि बायोसमधलं काहीही हलवण्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते बघून त्याची रिकव्हरी की, सगळे ४८ आकडे, मशीनबाहेर लिहून ठेवा.

त्या छापखान्यात आता दोन मशीन आहेत. डोंगलचं ३२-बिट मशीन इंटरनेटला अजिबात जोडलेलं नाही. त्यावर मजकूर टाइप होतो, आणि पेनड्राइव्हने शेजारच्या ६४-बिट मशीनवर जाऊन छपाईला लागतो.