एटनाची पांढरी वाइन मुंबईत उघडताना या चुका टाळा

सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीच्या उतारावर कारिकांते नावाचं द्राक्ष पिकतं. त्याची पांढरी वाइन, म्हणजे एटना बियांको, मुंबईत उघडली की पहिल्या घोटाला हमखास शेरा मिळतो: ‘नुसती आंबट, वास काहीच नाही.’ बहुतेक वेळा वाइन चांगलीच असते. एक तर ती फार गार करून ओतलेली असते, नाहीतर आपल्या हातात येण्याआधीच कुठेतरी तापलेली असते.

नाशिकच्या चवीने मोजू नका. नाशिकच्या बागा सुमारे ६०० मीटरवर आहेत. तिथली सोव्हिन्यों ब्लां ही पांढरी वाइन ताजी असतानाच प्यायची असते आणि ग्लास नाकाशी नेला की दरवळते. कारिकांते मुळातच अबोल द्राक्ष आहे. एटनाच्या पूर्व आणि दक्षिण अंगाच्या काही बागा ९०० मीटरच्याही वर आहेत. रात्री गारठा असतो, फळ सावकाश पिकतं, तोडणी ऑक्टोबरपर्यंत लांबते आणि हिरव्या सफरचंदात असतं ते मॅलिक आम्ल द्राक्षात टिकून राहतं. जुन्या वेली मांडवावर चढवलेल्या नसतात. चेस्टनटच्या खुंटाला बांधून त्या झुडपासारख्या बुटक्या ठेवतात. त्यांना घड मोजकेच लागतात. ज्वालामुखीच्या वाळूसारख्या मातीत फिलॉक्सेरा ही मुळांवरची कीड फारशी तग धरत नाही, म्हणून काही म्हाताऱ्या वेली आजही कलमाशिवाय स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. अशा वाइनमध्ये लिंबाची साल, हिरवं सफरचंद, किंचित बडीशेप आणि शेवटी खारट झाक मिळते. पण ती सावकाश, दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला.

फ्रिजमधून थेट ग्लासात नको. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. फ्रिज ४-५ अंशांवर असतो. या वाइनला १० ते १२ अंश लागतात. त्याहून गार असली तर वास दबतो आणि जिभेवर फक्त आम्ल उरतं. बाटली तीन तास फ्रिजमध्ये ठेवा आणि ओतण्याआधी १५-२० मिनिटं टेबलावर काढून ठेवा. उन्हाळ्यात एसी नसेल तर १० मिनिटंही पुरतात. घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. २० मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात वेळ जास्त लागतो, कारण खड्यांमधली हवा गारवा नीट पोचू देत नाही. फ्रीजरमध्ये ठेवून विसरलात तर वाइन गोठून फुगते आणि बूच वर ढकलते. मुंबईच्या हवेत ग्लास भराभर तापतो, म्हणून एका वेळी ७५-९० मिली इतकीच ओता.

पोटमाळा, ओट्यावरचं कपाट, गाडीची डिकी. बाटली ठेवायला तिन्ही जागा वर्ज्य. दुपारी उभ्या गाडीच्या डिकीत काही तासांतच वाइन शिजल्यासारखी होते. वाइन कपाट नसेल तर काही महिन्यांसाठी फ्रिजचा खालचा कप्पा बाहेरच्या ३२ अंशांपेक्षा कितीतरी बरा; बाटली आडवी ठेवा. दुकानात काचेमागे उन्हात मांडलेली बाटली घेऊ नका, आतली मागा. बूच किनाऱ्याच्या वर आलेलं, आवरणाखाली चिकट ओघळ, किंवा दोन-तीन वर्षांची वाइन तपकिरी दिसत असेल तर परत द्या.

चांगली बाटली खराब समजून ओतून देऊ नका. तळाशी किंवा बुचाला चिकटलेले पारदर्शक खडे काचेचे नाहीत, साखरेचेही नाहीत. आम्लाचे क्षार गारव्याने खाली बसतात, एवढंच. बाटली तासभर उभी ठेवा, हळू ओता आणि शेवटचा अर्धा इंच सोडून द्या. उघडल्याबरोबर विझलेल्या काडेपेटीसारखा वास आला तर वाइन जगमध्ये ओतून अर्धा तास ठेवा, बहुधा उडून जातो. काही वर्षं मुरलेल्या कारिकांतेला रॉकेलची हलकी झाक येते, रंगही सोनेरी होतो. तो वयाचा गुण आहे. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र बुचाच्या दोषाचा. तो वाट पाहून जात नाही, उलट वाढतो. ती बाटली बाद.

लेबलवर ‘जुन्या वेली’ एवढंच वाचून पैसे मोजू नका. वेक्किए वीन्ये, म्हणजे जुन्या वेली, हे शब्द लिहिले म्हणून वेलीचं नेमकं वय कळत नाही. एटनाला डीओसी, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या वाइनला इटलीत मिळणारा अधिकृत दर्जा, १९६८ मध्ये मिळाला. त्या नियमांनुसार साध्या बियांकोत कारिकांते किमान ६० टक्के लागतं. ‘सुपेरिओरे’मध्ये किमान ८० टक्के, आणि द्राक्षं फक्त पूर्व उतारावरच्या मीलो गावच्या हद्दीतली. वेलीच्या वयाच्या दाव्यापेक्षा ‘सुपेरिओरे’ हा शब्द आणि कोंत्रादा, म्हणजे बागेच्या शिवाराचं नाव, जास्त सांगून जातात. चांगल्या सुपेरिओरेला तोडणीपासून चार-पाच वर्षं द्या. पहिल्याच वर्षी उघडली तर आम्ल बोचतं.

तिखटाशी झुंज लावू नका. झणझणीत मालवणी रश्शासोबत अल्कोहोल आणि आम्ल दोन्ही जिभेला जाळतात. आंबटाचं तसं नाही: कोकम किंवा लिंबू असलेल्या पदार्थासोबत ही वाइन उलट मऊ लागते, कारण तिचं आम्ल पदार्थाच्या आम्लापुढे टिकतं. रवा लावून तळलेले बोंबील, हळद-मीठ-लिंबू लावलेलं पापलेट, ओल्या खोबऱ्यातल्या कमी तिखट तिसऱ्या हे तिचे खरे सोबती. मोदक किंवा श्रीखंड समोर आलं की ग्लास बाजूला ठेवा. गोडासोबत ही कोरडी वाइन फारच आंबट लागते.

उरलेली वाइन बूच लावून लगेच फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी ती बऱ्याचदा जास्त खुलते. तीन दिवसांनंतर काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास येऊ लागला की पिऊ नका, तिसऱ्या उकडताना वाटीभर घाला.