मारवाडी घोडा घेताय? नुसत्या कानांवर भाळू नका

दत्तजयंतीला सारंगखेड्यात तापीकाठी घोड्यांचा बाजार भरला की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला: “रवाल (पाठ न हलवणारी मऊ चाल) चालतो का?” विकणारा म्हणतो, “पाण्याचा पेला हातात घेऊन बसा की!” शंभर पावलांत पेला सांडत नाही, सौदा होतो. महिनाभरानं तोच घोडा घरच्या रस्त्यावर हाडं खिळखिळी करतो, आणि मालक म्हणतो, फसलो. कधीकधी फसवणूक असतेही. पण बरेचदा बाजारातून आल्यावर आपणच घोडा बिघडवलेला असतो.

कान बघितले, पाय ऐकलेच नाहीत

आत वळून टोकाला टोक भिडणारे कान ही मारवाडीची ओळख खरी, पण सौराष्ट्रातल्या काठियावाडीचे कान तसेच वळतात, किंबहुना जास्तच. शिवाय कानांवरून फार तर जात कळते, चाल नाही. मारवाडीचं प्रत्येक शिंगरू रवाल घेऊन जन्माला येत नाही.

चाल ओळखायची ती आपल्या कानांनी. घोडा डांबरी रस्त्यावर चालवायला सांगा आणि डोळे मिटा. दुडकीत तिरके दोन पाय एकदम पडतात, म्हणून दोनच ठोके येतात आणि स्वार उसळतो. रवालीत आधी एका बाजूचा मागचा पाय, मग त्याच बाजूचा पुढचा, मग दुसरी बाजू. सुटे चार ठोके ऐकू येतात आणि पाठ जवळजवळ स्थिर राहते. एका बाजूचे दोन्ही पाय एकदम पडले तर पुन्हा दोनच ठोके, आणि स्वार होडीत बसल्यासारखा डावी-उजवीकडे झुलतो. हीच चाल रवाल म्हणून सर्रास खपवली जाते. ढोलावर नाचणारा घोडा तर वेगळाच प्रकार. नाच शिकवलेला असतो, रवाल अंगची असते.

घरी आल्यावर चाल तुटली

आधी वेग कमी करा. घाई केली की घाबरलेला घोडा मान वर टाकतो, पाठ खाली दाबतो आणि ठोके एकमेकांत मिसळतात. काही आठवडे नुसतं पावलानं चालवा, थोडा चढ असेल तर उत्तम. चाल फार झुलती झाली असेल, तर जमिनीवर अंतराअंतरानं बांबू टाकून त्यावरून हळू न्या. पाय सुटे पडू लागतात. नालबंदाला खुराचा पुढचा भाग वाढलाय का ते बघायला सांगा. खोगीर पाठीवर रुतत असेल तर बाकीचे सगळे उपाय वाया.

काटेरी लगाम मात्र आजच काढा. त्यावर जनावरांच्या छळाविरुद्धच्या 1965 च्या नियमांनुसार बंदी आहे, आणि तोंड दुखणाऱ्या घोड्याकडून मऊ चाल मागायची म्हणजे कमालच!

‘लढाईचा घोडा, तापटच असणार’

मारवाडी हे थरच्या वाळवंटातलं, जोधपूरच्या राठोड राजांनी जपलेलं जनावर. बुडालेल्या जहाजावरून पोहत किनाऱ्याला लागलेल्या अरबी घोड्यांची गोष्ट ऐकायला छान आहे. ती दंतकथा म्हणूनच ऐकावी. जहागिऱ्या गेल्यावर या घोड्यांचे हाल झाले. महाराजा उमेदसिंहांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाण सावरलं होतं, पुढं त्यांचे नातू गजसिंह यांनी ते काम चालवलं.

वाळवंटात लांब मजला मारणारं, धन्याचा इशारा ओळखणारं हे वाण. कान सतत फिरते, कातडी पातळ, नजर चौफेर. याला तापट म्हणण्यापेक्षा जागं म्हणावं. अशा घोड्याला आपण अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून-मागून दोर, बांधून दिवसभर खुंट्याला ठेवतो, वर हरभरा आणि गूळ चारतो, आणि संध्याकाळी तो उधळला की चाबूक काढतो. काम नसेल तर खुराक कमी करा, सुकं गवत भरपूर द्या, रोज मोकळं फिरू द्या. मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस, दर महिन्याला बदलू नका, हा घोडा माणूस ओळखतो. एवढं करूनही चावत-लाथाडत असेल, तर दात आणि पाठ पशुवैद्याला दाखवा. दुखण्याला बऱ्याचदा खोड समजलं जातं.

दोन दाती घेऊन लगेच स्वारी

दोन दाती म्हणजे जेमतेम अडीच वर्षांचा. मणक्यांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालते. आत्ता बसलात तर पाठ जाते, आणि पाठीबरोबर चालही.

देवमण (मानेवरचा शुभ मानला जाणारा भोवरा), पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) हौसेनं जरूर बघा. भोवऱ्यानं खूर मात्र सुधारत नाही. पैसे मोजण्याआधी विकणाऱ्याला सांगा, उद्या पहाटे येतो, तोवर घोडा फिरवू नका. थंड अंगानं, खोगीर चढवताना तो कसा उभा राहतो ते बघा, आणि मग डांबरावर ठोके मोजा.